वरची फोलं

चिलकम्मा हे नाव नर्सम्मानं ठेवलं.
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चोचीवरचा निळा ठिपका बघितला
आणि म्हणाल्या, आजोबा, हा नर आहे.
नाव तेच राहिलं.
रेशनकार्डावर थोडंच चढवायचं होतं.

बाईंनी त्याला खोक्यात घालून तराजूवर ठेवलं,
खातो काय, विचारलं.
मी कौतुकानं सांगत गेलो –
सूर्यफुलाच्या बिया, वाटीभर.
शेंगाचटणी माझ्या बोटावरची चाटतो.
सकाळी बशीतल्या चहात भिजलेली खारी,
अर्धी त्याची, अर्धी माझी.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
करंगळीचं नख दाखवून म्हणाल्या,
एवढं याचं लिव्हर. त्यावर तुम्ही तेल ओतताय.

कागदावर लिहून दिलं : राळं. बाजरी.
कोथिंबीर, धुऊन. शेवग्याचा पाला.
गाजर किसून. मीठ नाही, चहा नाही.
सफरचंद दिलं तर बी काढून.
पिंजऱ्याला समुद्रफेसाचा तुकडा.

राळं.
हा शब्द मी किती वर्षांनी वाचला.
आई दुष्काळात राळ्याचा भात करायची
आणि आम्ही तोंड वाकडं करायचो.
कन्ना चौकात तीन दुकानं पालथी घातली.
चौथा म्हणाला, काय काका, शुगर निघाली का?
म्हटलं, मला नाही ओ, पाखराला.
त्यानं पावशेर मोजलं, हसत हसत,
आणि वर चिमूटभर जास्त टाकलं.

तीन दिवस चिलकम्मा पाठ फिरवून बसला.
राळ्यात पाय देऊन सूर्यफूल शोधायचा.
नर्सम्मा म्हणाली, उपाशी मारूलालाव तुम्ही त्याला,
दोन बिया टाका की.
टाकल्या दोन. मग एक.
पौषात मंगळवेढ्याकडनं भाचा हुरडा घेऊन आला,
त्यातलं एक कणीस दोऱ्यानं पिंजऱ्यात टांगलं.
आधी लांबून बघितलं त्यानं, एका डोळ्यानं,
मग दुसऱ्या.
मग असा तुटून पडला की
हिरवा दाणा माझ्या चष्म्यावर उडाला.

दुसऱ्या खेपेला बाईंनी छातीला नळी लावली,
नळीचं तोंड त्याच्याहून मोठं.
विचारलं, घरात तंबाखू असते का?
नर्सम्मा पदराला हात पुसत म्हणाली, असते की.
रोज सातशे विड्या वळते मी.
पाखराची फुफ्फुसं नाजूक असतात, बाई म्हणाल्या,
ती धूळ त्याला चालणार नाही.
रिक्षात कुणी काही बोललं नाही.
घरी आल्यावर तिनं सूप उचललं,
पानांची कात्री, दोऱ्याची रीळं,
आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.
बेचाळीस डिग्रीत, वर टॉवेल बांधून,
मीच कधी मागावर काढलेला टॉवेल, कडेला मोर.

एक गोष्ट कागदावर नव्हती, ती मी शिकलो.
आम्ही लग्नाला तेलंगणात गेलो दोन दिवस,
शेजारच्या श्रीनिवासला सांगून.
पोरगं प्रामाणिक. दोन्ही वेळा येऊन बघून गेलं,
वाटी भरलेलीच होती.
आलो तर चिलकम्मा खाली, जाळीवर, पिसं फुगवून.
वाटीत हात घातला.
सगळी फोलं.
दाणा सोलून खातात ही, साल तिथंच टाकतात,
वरून वाटी काठोकाठ.
तेव्हापासनं रोज सकाळी मी वाटीवर फुंकर घालतो.
हलकी घालावी लागते,
जोरात घातली की राळंही उडतं.

तीस वर्षं पॉवरलूमवर उभा होतो मी.
बारीक आवाज कानात शिरतच नाहीत.
चिलकम्मा ओरडतो ते मला चोच हलते म्हणून कळतं.
जाड आवाज येतात अजून,
ट्रक, गिरणी.
ओट्यावरचा खोकला.

आज फुंकर घालताना थांबलो.
दाराबाहेर फोलं उडत गेली, तिच्या केसांवर बसली,
तिनं झटकली नाहीत, हात कामात होते.
बोललो, नर्से, डॉक्टरला दाखवू या चल.
ती म्हणाली, अगं बाई, परवाच तर दाखवला की त्याला.

राळं आज जरा जास्तच भिजत घातलं.